भाव घशात अडकतो तेव्हा

भजन स्पर्धेत परीक्षक म्हणून बसलं की हातात एक छापील कागद येतो. स्वर, ताल, शब्दोच्चार, साथसंगत आणि सगळ्यांत शेवटी ‘भाव’. प्रत्येकाला वेगळा रकाना, वेगळे गुण. यवतमाळ-वर्धा बाजूच्या गावांत मी हा कागद काही वर्षांपासून भरतो आहे आणि दर वेळी त्या शेवटच्या रकान्यापाशी पेन अडतो. एखाद्याचा स्वर बरोबर लागलेला असतो, ताल पक्का असतो, उच्चारही स्वच्छ असतात, तरी मांडवात कोणी हलत नाही. त्याच्यात नेमकं काय कमी पडलं? दुसरा कोणी डोळे भरून गातो, बायका पदर डोळ्यांना लावतात, आणि तिसऱ्या भजनाला त्याचा आवाज फाटतो. त्याला भावाचे पैकीच्या पैकी द्यायचे का?

गावात याचं उत्तर तयार असतं: गाणं शिकला की गळा कोरडा होतो. शिकलेल्यांकडेही उत्तर तयार असतं: आधी दहा वर्षं सूर लावा, भाव मागून येईल. मला दोन्ही पटत नाहीत. का पटत नाहीत ते सांगायला आधी घशात डोकवावं लागेल.

आवाज व्हायला तीन गोष्टी लागतात. खालून येणारी हवा, स्वरयंत्रातल्या दोन स्नायूंच्या घड्या आणि त्यांच्या वरची पोकळी, म्हणजे घसा, तोंड, जीभ, ओठ. त्या घड्यांना आपण स्वरतंतू म्हणतो खरे, पण त्या तंबोऱ्याच्या तारेसारख्या नसतात, ओल्या ओठांसारख्या असतात. पुरुषांत त्यांची लांबी साधारण दीड-दोन सेंटीमीटर, बायकांत त्याहून कमी. अंगठ्याचं नख बघा, तेवढीच ही चीज. पुरुषाने पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, म्हणजे काळी एकचा मध्य सा लावला की या घड्या सेकंदाला सुमारे १३८ वेळा एकमेकींवर आपटतात, तार सा लावला की २७७ वेळा. काळी चारच्या पट्टीत गाणाऱ्या बाईच्या गळ्यात खालच्या ‘सा’लाच २०८ आणि वरच्या ‘सा’ला ४१५. नुसता मध्य सा मिनिटभर धरला तरी पुरुषाच्या गळ्यात आठ हजारांवर टाळ्या वाजून जातात. एवढ्या टाळ्या तळहातावर वाजवल्या तर काय होईल, त्याचा विचार करून पाहा.

या घड्या किती घट्ट मिटतात यावर आवाजाचा पोत ठरतो. सैल मिटल्या तर मधून हवा निसटते आणि आवाज हवेचा, कुजबुजल्यासारखा येतो. आवळून मिटल्या तर आवाज कडक, धारदार निघतो आणि घसा लवकर दमतो. या दोन्हींच्या मधे एक जागा असते, जिथे कमी हवेत भरपूर आवाज मिळतो. गाण्याच्या शिक्षणातली पहिली काही वर्षं मुख्यतः ती मधली जागा सापडण्यात आणि तिथे टिकण्यात जातात.

आता रोजच्या बोलण्याकडे लक्ष द्या. बाळाला थोपटताना आई बोलते तेव्हा तिच्या घड्या सैल असतात. धुऱ्यावरून पलीकडच्या वावरातल्या माणसाला हाक मारतो तेव्हा त्या आवळतात. लाड, राग, थकवा, विनवणी हे सगळं त्याच मिटण्याच्या कमी-जास्तीतून, आवाजाच्या चढ-उतारातून आणि शब्दांमधल्या थांब्यांतून ऐकू येतं. म्हणजे गवय्या ज्याला तंत्र म्हणतो आणि श्रोता ज्याला भाव म्हणतो, त्या दोघांची कळ एकच आहे. भावासाठी शरीराने वेगळं यंत्र दिलेलं नाही. म्हणून तर त्या रकान्यापाशी पेन अडतो.

मग शिकलेला गळा कोरडा का वाटतो? कारण त्याला ती मधली जागा सापडली आणि तो तिथेच ठाण मांडून बसला. ‘विठ्ठला’ म्हणताना आणि ‘लबाडा’ म्हणताना आवाजाचा पोत तोच. ही तंत्र जास्त झाल्याची खूण नाही. तंत्र अर्ध्यावर थांबलं, त्याची आहे.

आणि भावाने गाणाऱ्याचा आवाज का फाटतो? इथे मला माझ्या मोठेबाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली पाहिजे. ते आमच्या गावच्या भजन मंडळात पुढे गायचे. शाळा चौथीपर्यंत, गाण्याचं शिक्षण काहीच नाही. मी अठरा-एकोणीस वर्षांचा असताना एका तेरवीच्या भजनात गायला बसलो. गेलेला माणूस माझ्या मित्राचा बाप होता. दुसऱ्या कडव्याला मला हुंदका आला, पुढची ओळ आलीच नाही, झील धरणाऱ्यांनी, म्हणजे मागून ओळ उचलणाऱ्यांनी वेळ मारून नेली. मला वाटलं, एवढ्या खऱ्या भावाने गायलो, मोठेबाबा पाठ थोपटतील. घरी येताना ते म्हणाले, “तूच रडून राह्यला, मंग लोकाईनं काय करावं?”

तेव्हा मला ते निष्ठुर वाटलं. पुढे कळलं की त्यांनी शरीरशास्त्र सांगितलं होतं. रडू येतं तेव्हा घशाचे स्नायू आवळतात, स्वरयंत्र वर ओढलं जातं, श्वास तुटक होतो आणि छातीच्या वरच्या भागात अडकतो. गायला लागतं याच्या नेमकं उलट: घसा मोकळा, स्वरयंत्र जागेवर, श्वास खोल आणि संथ. खरा हुंदका आणि लांब धरलेला स्वर एका घशात एकाच वेळी नांदू शकत नाहीत. म्हणून गायकाला दुःख ओळखीचं असावं लागतं, पण गाताना ते घशात उतरू द्यायचं नसतं. कडेवर बसवायचं. खांद्यावर चढू द्यायचं नाही.

हे काही नवीन शास्त्र नाही. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी, शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गायकांच्या २५ दोषांची यादी आहे. एवढ्या जुन्या ग्रंथात आपल्याच मंडळातली माणसं भेटतात याची मला गंमत वाटते. दात आवळून गाणारा, भीत भीत गाणारा, गाताना घशाच्या शिरा फुगवणारा, हातपाय पसरणारा, डोळे मिटून गाणारा, नाकात गाणारा, ज्याचे शब्द कळत नाहीत असा, लक्ष नसलेला. आणि याच रांगेत, वेगळा रकाना न करता, ‘विरस’ म्हणजे ज्याच्या गाण्यात रस नाही असा. दात आवळणं आणि रस नसणं हे शार्ङ्गदेवाला एकाच जातीचे दोष वाटले. आमच्या स्पर्धेचा छापील कागद त्याने तपासला असता तर बहुतेक लाल पेन काढला असता. भावाप्रमाणे आवाजाचा पोत बदलण्याला आपल्या शास्त्रात ‘काकू’ असा शब्दही आहे, नाट्यशास्त्रापासून चालत आलेला. आजच्या शिकवण्यांमध्ये तो क्वचितच कानावर पडतो.

आता एक ओळ घेऊन बघू. कोणाचा अभंग घेतला की त्याची आधी ऐकलेली चाल कानात घुमत राहते, म्हणून साध्या अभंगाच्या मापात मीच एक ओळ रचली आहे. कविता म्हणून तिला फार किंमत देऊ नका.

पेरून बसलो । पाहतो आभाळ । सुकले ओघळ । ये ना आता ।।

सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. मोठ्या अभंगाचं हे माप शेकडो वर्षं टिकलं, त्यामागे पाठांतराची सोय आहेच, पण श्वासाचीही आहे असं माझं मत. शेवटच्या चार अक्षरांपाशी माप आपोआप आखूड होतं, गाणाऱ्याला जागा मिळते. ती जागा कशी वापरायची हाच प्रश्न.

नवखा गायक काय करतो? ‘पेरून बसलो’ला जोरात सुरुवात, कारण पहिल्या ओळीला लोकांचं लक्ष हवं. ‘आभाळ’वर एक तान, कारण आभाळ उंच असतं. ‘ओघळ’पर्यंत श्वास संपतो, म्हणून ‘सुकले’ आणि ‘ओघळ’च्या मधेच श्वास. आणि ‘ये ना आता’ हे सगळ्यांत मोठ्याने, वरच्या स्वरात, कारण ती विनवणी आहे आणि विनवणी म्हणजे भाव आणि भाव म्हणजे आवाज. ऐकणाऱ्याला शेवटी पाऊस दिसत नाही, गायकाच्या मानेच्या शिरा दिसतात.

आता तीच ओळ बोलून पाहा. गाऊ नका. जून संपत आलाय, बियाणं उधारीवर आणलंय, दुबार पेरणीचे पैसे नाहीत, अशा माणसासारखी बोला. ‘पेरून बसलो’ हे तो जोरात सांगणारच नाही. काम उरकलेलं आहे, स्वर खाली, जवळजवळ सपाट. ‘पाहतो’ मधला ‘हतो’ आपसूक लांबेल, कारण पाहणं चालूच आहे. ‘सुकले’तल्या ‘क’वर किंचित अडल्यासारखं होईल. ‘ओघळ’नंतर तो थांबेल, आणि हा थांबा ओळीतली सगळ्यांत महत्त्वाची जागा आहे. मग ‘ये ना आता’ हळू निघेल. ज्याच्याशी आपण रोज बोलतो, त्याच्याशी मोठ्याने बोलावं लागत नाही.

हे सगळं ठरलं, पण गळ्याने ते करून दाखवायला काय लागतं ते पाहा. ‘पेरून बसलो’ खालच्या स्वरात ऐकू यायला हवं, तर मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर भरीव असले पाहिजेत. ‘पाहतो’ लांबवायचं आणि तरी ‘ओघळ’पर्यंत एकाच दमात जायचं, तर श्वास पुरवून वापरता आला पाहिजे. पोटापर्यंत घेतलेली हवा एकदम सोडायची नाही, बरगड्या थोड्या फुललेल्याच ठेवून ती जपून खर्च करायची. आणि ‘ये ना’ हळू गाणं हे तर या सगळ्यांत अवघड काम. मोठ्याने गाताना हवेचा रेटा बऱ्याच चुका झाकतो. हळू गाताना घड्या जरा सैल पडल्या की नुसती हवा येते, जरा आवळल्या की स्वर चिरकतो. तार सप्तकात हळू आणि स्वच्छ गाता येणं ही माझ्या हिशेबाने गळ्याची खरी परीक्षा आहे. जलद तान त्या मानाने सोपी.

म्हणजे ‘भाव मागून येईल’ हे चूक, कारण ओळ कशी म्हणायची ते पहिल्याच दिवशी ठरवता येतं. आणि ‘शिकायची गरज नाही’ हेही चूक, कारण ठरवलेलं गळ्यातून काढायला मेहनत लागते. मोठेबाबांनी मेहनत केली नव्हती असं कोण म्हणेल? कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे काकड्याला ते चाळीस वर्षं गायले. थंडीत, खालच्या स्वरातून सुरुवात करून उजाडेपर्यंत हळूहळू वर जायचं. गुरूकडे शिकणारे याला खर्जाचा रियाज म्हणतात.

मी तालुक्याला जाऊन गाण्यातली विशारद परीक्षा केली आणि परत येऊन मंडळात गायलो, तेव्हा माझी सगळी विद्या एकाच भजनात ओतली. गाणं संपल्यावर मोठेबाबांनी टाळ खाली ठेवला. “गया (गळा) तं लय फिरते बाप्पा तुहा. पण काय म्हणून राह्यला होता तू?”

आता आपल्याकडच्या अडचणींबद्दल. पुस्तकं शांत खोलीतल्या गायकासाठी लिहिलेली असतात, आणि आपण गातो खंजिरी, ढोलकी, टाळ आणि साउंडवाल्याच्या प्रतिध्वनीमध्ये.

गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली हे नोंदवलं, म्हणून त्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. गायकाला तर स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो ओरडतोच. त्याला आपण ओरडतोय हे कळतही नाही. भजनाच्या पहिल्या पाच मिनिटांत गळे बसतात ते यामुळे. उपाय गळ्याचा नाही, मांडणीचा आहे. खंजिरी आणि टाळ गायकाच्या कानापासून दूर बसवा, एक छोटा स्पीकरचा बॉक्स गायकाकडे तोंड करून ठेवा आणि प्रतिध्वनीची कळ खाली आणा. प्रतिध्वनी स्वरांना गुळगुळीत करतो पण क, त, प, स ही व्यंजनं खाऊन टाकतो, आणि शब्द गेला की भावाला पाय ठेवायला जागा राहत नाही.

खंजिरीचं आणखी एक आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजनं गात अख्खा विदर्भ जागवला, आणि मोझरीच्या गुरुकुंजापासून (१९३५) पुढे गावोगाव ही परंपरा पोचली. पण त्यांचं पाहून खंजिरी हातात घेणारे एक विसरतात. एक हात उंच धरून तासभर वाजवलं की तो खांदा वर चढतो, खांद्याबरोबर मान, आणि श्वास छातीच्या टोकाशी घुटमळतो. आरशासमोर वाजवून बघा. कोपर शरीराजवळ आणलं तरी निम्मं काम होतं.

पट्टीचा प्रश्न त्याहून मोठा. मंडळाची पट्टी बहुतेक ठिकाणी पेटीवाल्याच्या बोटांच्या सवयीने ठरते. काळी चारला पुरुष वरच्या ‘सा’लाच टांगलेले राहतात, आणि काळी एकला बायकांचा खालचा आवाज विरून जातो. उंच गाणं म्हणजे तळमळीचं गाणं हा समज कुठून आला कोणास ठाऊक. आपली पट्टी शोधायची सोपी रीत अशी: भजनातला सगळ्यांत वरचा स्वर घ्या आणि तो हळू, शब्दासकट लावता येतो का पाहा. फक्त ओरडूनच लागत असेल तर पट्टी उतरवा. पेटीवाला कुरकुर करेल, करू द्या.

झाडीपट्टीतल्या नाटकांचे गायक नट या बाबतीत आपले गुरू होऊ शकतात. दिवाळीनंतर होळीपर्यंत वडसा, गडचिरोली, ब्रह्मपुरी पट्ट्यात रात्र-रात्र नाटकं चालतात. थंडीत पहाटेपर्यंत संवाद आणि गाणी, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी तेच. त्यांच्यातले जे वर्षानुवर्षं टिकतात त्यांना जवळून पाहा. ते प्रत्येक प्रवेशात जीव तोडत नाहीत. रात्रीतली एक-दोन ठिकाणं राखून ठेवतात, बाकी वेळ बेताने गातात. प्रेक्षकांना मात्र ते रात्रभर पेटलेले वाटतात.

बाकी काळजी थोडक्यात. प्यालेलं पाणी स्वरतंतूंना शिवत नाही, ते अन्ननलिकेत जातं, म्हणून गाण्याआधी घटाघट तांब्या संपवून घसा ओला होत नाही. दिवसभर थोडं थोडं प्या, आणि तुरी-सोयाबीन काढताना मळणीयंत्राच्या धुळीत उभं राहणार असाल तर तोंडाला दुपट्टा बांधा आणि रात्री वाफ घ्या. गाण्याआधी पाच मिनिटं नळीतून फुंकत ‘ऊ’ म्हणा, शहाळ्यातली नळी चालते. तोंडाशी थोडा अडथळा असला की घड्या कमी आपटून जुळायला शिकतात. आवाज बसला असेल तर कुजबुजून बोलणं ही विश्रांती नाही, गप्प बसणं ही आहे. तीन आठवड्यांहून जास्त घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, जेठमध चघळत बसू नका.

आणि खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. आपल्याकडे भजनाच्या मधल्या सुट्टीत त्याची पन्नी फिरतेच, म्हणून लिहितो. तंबाखूचे धोके सगळ्यांना माहीत आहेत. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं, हे कमी जणांना माहीत असतं. ज्याच्या तोंडात तीन बोटं उभी मावत नाहीत तो ‘आ’ काय लावणार? आमच्या मंडळातला एक उत्तम गळा असाच गेला. स्वर अजून जागेवर आहे, पण सगळे शब्द दाताआडून येतात. शार्ङ्गदेवाच्या यादीतला पहिलाच दोष, संदष्ट.

शेवटचा प्रश्न मला तरुण मुलं नेहमी विचारतात: गाताना श्वासाकडे लक्ष द्यायचं, पट्टीकडे द्यायचं की अर्थाकडे? सगळीकडे एकदम देता येत नाही, हे खरं आहे. म्हणून ही कामं वेगवेगळ्या वेळी करायची. सकाळच्या रियाजात फक्त गळा: श्वास कुठे घ्यायचा, ‘पाहतो’ किती लांबवायचं, ‘ये ना’ किती हळू. हे इतक्या वेळा करायचं की कंटाळा यावा. वेगळ्या वेळी नुसते शब्द, बोलून, कोणाला उद्देशून बोलतोय ते ठरवून. आणि मांडवात बसल्यावर गळ्याचा विचार सोडून द्यायचा.

हे सोडून देणं मला गाण्यात नाही, वावरात कळलं. पहिल्यांदा डवरा, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं अवजार धरलं तेव्हा मी सारखा खाली त्याच्या पाशीकडे (पात्याकडे) बघत होतो, पराटीला, म्हणजे कपाशीला लागू नये म्हणून. दहा पावलांत चार झाडं कापली. वडील मागून आले आणि म्हणाले, “खाली नोको पाहू. तासाच्या (ओळीच्या) टोकाले पाह्य.” तिकडे पाहिलं आणि डवरा सरळ चालला. हाताला वजनाची सवय झालेली होतीच, फक्त मी मधे मधे करत होतो.

मंडळात नव्याने आलेल्या एका मुलीला मी हेच सांगितलं. तिने विचारलं, “भजनात तासाचं टोक कुठी असते, काका?” मी तिला मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून बसलेली म्हातारी दाखवली, जिला कमी ऐकू येतं. म्हटलं, ओरडायचं नाही, पण तिला प्रत्येक शब्द कळला पाहिजे.